‘त्या तारखेला बुकिंग आहे’ असं कळवून मोकळं व्हावं का?

प्रश्न : न्यू जर्सीत आमचा लग्नाच्या मंडपाचा आणि फुलांच्या सजावटीचा घरचा व्यवसाय आहे. सासऱ्यांनी, म्हणजे अप्पांनी, तो सुरू केला. आता मी आणि नवरा सांभाळतो. मागच्या आठवड्यात वेबसाइटवरून एक चौकशी आली. मुलगा गुजराती, जोडीदार अमेरिकन, तोही मुलगाच. दोघांना सप्टेंबरमध्ये मंडप, होम, हार, सगळं रीतसर हवंय. अप्पा ऐकूनच उखडले. अग्नीच्या साक्षीनं असलं काही आपल्या हातून होणार नाही म्हणाले. नवरा म्हणतो, त्यांच्या दिवाळी पार्टीची, वाढदिवसाची सजावट आपण खुशाल करू, फक्त लग्न नको. शिवाय सुप्रीम कोर्टानं त्या केकवाल्याला जिंकवलंय, तेव्हा आपल्याला कोणी काही करू शकत नाही. आणि मंडप सजवणं ही कलाच आहे की. आमचा एक जुना कारागीरही त्या कामाला येणार नाही म्हणतोय. मला स्वतःला त्यात काही वावगं वाटत नाही, पण घरात रोजचा वाद नको झालाय. ‘त्या तारखेला बुकिंग आहे’ असं कळवून मोकळं व्हावं का?
– कात्रीत सापडलेली सूनबाई

उत्तर :

सूनबाई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तो आज रात्री तुमच्या हातून घडू शकतो. नाही, असं कळवू नका.

तारीख खरोखरच गेली असेल तर बिनदिक्कत सांगा. वेळ नाही, माणसं कमी आहेत, जागा फार लांब आहे, अशा कारणांनी कोणताही व्यावसायिक काम नाकारू शकतो, अट एवढीच की तीच कारणं सगळ्यांना लागू व्हायला हवीत. पण तुमच्या पत्रावरून सप्टेंबरचा तो दिवस मोकळा दिसतोय. उद्या त्याच मुलाच्या चुलत बहिणीनं त्याच तारखेची चौकशी केली आणि तुमच्या ऑफिसातून तासाभरात कोटेशन गेलं, तर काय सांगाल? न्यू जर्सीतलं देशी लग्नांचं जग केवढंसं आहे ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. मेंदीवाली, डीजे, केटरर, घोडेवाला, सगळे एकमेकांच्या व्हॉट्सॲपवर. खोटं कारण उघडं पडलं की समोरच्या वकिलाचं निम्मं काम झालं. खरं कारण चालणार नाही हे यांना ठाऊक होतं म्हणूनच यांनी ते लपवलं, असा त्याचा सरळ अर्थ लावला जातो. आणि अप्पांना त्यांची श्रद्धा इतकी मोलाची वाटत असेल, तर तिच्या नावानं सुनेनं खोटा निरोप धाडावा हे त्यांना तरी आवडेल का? विचारून बघा.

आता नवऱ्याच्या वकिलीकडे वळू. ‘सुप्रीम कोर्टानं केकवाल्याला जिंकवलं’ हे खरं आहे. लोक मथळा वाचतात आणि पुढचं सोडून देतात, त्यातलं हे एक. कोलोरॅडोतल्या लेकवूडच्या मास्टरपीस केकशॉपमध्ये २०१२ साली दोन पुरुषांचं जोडपं आपल्या लग्नाच्या स्वागतसमारंभासाठी केक सांगायला गेलं. मालकानं सांगितलं, वाढदिवसाचा केक देईन, बिस्किटं देईन, पण अशा लग्नाचा केक माझ्या धर्मात बसत नाही. प्रकरण वर चढत गेलं आणि ४ जून २०१८ रोजी ७ विरुद्ध २ मतांनी मालक जिंकला. पण जिंकला कशावर? तर राज्याच्या नागरी हक्क आयोगातल्या मंडळींनी सुनावणीत त्याच्या श्रद्धेबद्दल हेटाळणीच्या सुरात बोलून आपलं तटस्थपण घालवलं, यावर. त्याच निकालपत्रात न्यायमूर्ती केनेडींनी लिहून ठेवलंय की एरवी, सगळ्यांना सारखा लागू असलेला भेदभावविरोधी कायदा असताना, धार्मिक आक्षेपाच्या जोरावर दुकानदाराला गिऱ्हाइकाला सेवा नाकारता येत नाही. म्हणजे तुमच्या नवऱ्याला तो निकाल कधी कामी येईल? न्यू जर्सीचा एखादा अधिकारी भर सुनावणीत हिंदू धर्माची टिंगल करेल तेव्हा. त्या भरवशावर घरचा धंदा लावायचा का, ते तुम्ही ठरवा.

खरं तर नवऱ्यानं दुसऱ्याच निकालाचं नाव घ्यायला हवं होतं. ‘सजावट ही कला आहे’ या त्याच्या बोलण्यात नकळत तोच आलाय. ३०३ क्रिएटिव्ह नावाचं, तेही कोलोरॅडोतलंच प्रकरण, ३० जून २०२३ चा निकाल, ६ विरुद्ध ३. एका वेबसाइट डिझायनर बाईंना लग्नाच्या वेबसाइट करायला सुरुवात करायची होती, पण समलिंगी लग्नाची नको होती. कोर्टानं, न्यायमूर्ती गोरसच यांच्या लेखणीतून, त्यांच्या बाजूनं कौल दिला. तोही धर्मस्वातंत्र्याच्या नव्हे तर अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या कलमाखाली. सरकार एखाद्याला त्याच्या मनाविरुद्ध बोलायला, लिहायला लावू शकत नाही, आणि खास त्या जोडप्यासाठी मजकूर लिहून, रचून दिलेली वेबसाइट हे त्या डिझायनरचंच बोलणं आहे, असा तो युक्तिवाद.

हा निकाल मला पूर्ण पटलेला नाही. त्या बाईंकडे तोवर अशा लग्नाचं खरं काम आलेलंच नव्हतं. आणि त्यांचं काम म्हणजे अभिव्यक्ती आहे, हे दोन्ही बाजूंनी आधीच कबूल करून टाकलेलं होतं. त्यामुळे रेघ नेमकी कुठं ओढायची हा सगळ्यात अवघड भाग कोर्टाला करावाच लागला नाही. तो आता तुमच्यासारख्यांच्या गळ्यात पडलाय. पण निकाल आहे, आणि तो आहे हे धरूनच चालायला हवं.

मग मंडप म्हणजे बोलणं आहे का? तुमचा नेहमीचा शनिवार डोळ्यांपुढे आणा. पहाटे ट्रक लागतो, चार खांब उतरतात, वरचा सांगाडा जोडला जातो, कापड चढतं, मग झेंडूच्या माळा, दोन खुर्च्या, चौरंग, होमकुंड. तुमच्या वेबसाइटवर पाच-सहा मंडपांचे फोटो आणि त्याखाली पॅकेजं असणार. लोक फोटोवर बोट ठेवून ‘हा’ म्हणतात. मागच्या शनिवारी पटेलांच्या लग्नात उभा राहिलेला मंडप पुढच्या शनिवारी रेड्डींच्या लग्नात उभा राहतो. त्यातून तुम्ही कोणाच्या लग्नाबद्दल काही म्हणताय असं मांडवात शिरणाऱ्या एकाही पाहुण्याला वाटत नाही. फोटोतला मंडप एका जोडप्याला द्यायचा आणि दुसऱ्याला नाही, हे कलेच्या नावाखाली बसवणं फार कठीण जाईल. कॅलिफोर्नियात एका बेकरीनं लग्नाचा केक असाच नाकारला होता. तिथल्या अपील कोर्टानं फेब्रुवारी २०२५ मध्ये, म्हणजे ३०३ क्रिएटिव्हनंतर, बेकरीच्या विरोधात निकाल दिला. त्यातला एक मुद्दा हाच होता की मागितलेला केक दुकानातल्या ठरलेल्या नमुन्यांपैकी होता, त्यावर अक्षर लिहायचं नव्हतं.

लिहायचं असेल तेव्हा गोष्ट बदलते, आणि इथं मी दुकानदारांच्या बाजूनं आहे. उत्तर आयर्लंडमध्ये बेलफास्टच्या ॲशर्स बेकरीकडे एका गिऱ्हाइकानं केकवर समलिंगी विवाहाला पाठिंबा द्या अशा अर्थाची घोषणा मागितली. केक साडेछत्तीस पौंडांचा. बेकरीनं पैसे परत केले. १० ऑक्टोबर २०१८ रोजी ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टानं एकमतानं बेकरीला निर्दोष ठरवलं. मागणारा समलिंगी होता म्हणून नकार नव्हता, तीच घोषणा कोणीही मागितली असती तरी त्यांनी ती लिहिली नसती, हे कोर्टाला पटलं. मला हा निकाल योग्य वाटतो. त्याच न्यायालयानं २०१३ साली कॉर्नवॉलमधल्या एका ख्रिस्ती दांपत्याला मात्र दोषी ठरवलं होतं, कारण त्यांनी आपल्या छोट्या हॉटेलात दोन पुरुषांना डबलबेडची खोली नाकारली. तिथं घोषणा नव्हती, मजकूर नव्हता. समोर दोन माणसं होती आणि खोली रिकामी होती. तुम्ही कोणते शब्द कोणासाठीच लिहिणार नाही, हे ठरवायची मोकळीक तुम्हाला आहे. स्वागताच्या फलकावर फक्त दोन नावं आणि तारीख टाकायची असेल तर तो तुमचा संदेश नव्हे.

‘दिवाळीला देऊ, लग्नाला नको’ हा तोडगा वाटतो समजूतदार, पण तो वापरून झालाय, आणि तोही एका फुलवालीच्याच बाबतीत. वॉशिंग्टन राज्यातल्या रिचलंड गावी आर्लीन्स फ्लॉवर्स नावाचं दुकान. मालकीणबाई एका गिऱ्हाइकाला कित्येक वर्षं फुलं विकत होत्या, तो समलिंगी आहे हे त्यांना ठाऊक होतं, दोघांचं छान जमत होतं. २०१३ मध्ये त्यानं स्वतःच्या लग्नाची फुलं सांगितली तेव्हा बाईंनी त्याचा हात हातात घेऊन, धर्मामुळे जमणार नाही असं सांगितलं. त्यांच्या बोलण्यात द्वेष नव्हता, हे मला अगदी खरं वाटतं. तरीही राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात त्या दोनदा हरल्या, २०१७ आणि २०१९ मध्ये. फुलांची रचना म्हणजे लग्नाला दिलेली संमती, हा युक्तिवादही तिथं टिकला नाही. देशाच्या सुप्रीम कोर्टानं २०२१ मध्ये अपील ऐकायला नकार दिला आणि त्याच वर्षी पाच हजार डॉलर देऊन बाईंनी प्रकरण मिटवलं. आठ वर्षं गेली. ३०३ क्रिएटिव्हनंतर त्यांचा खटला वेगळा चालला असता असं म्हणणारे वकील आहेत. असतील. तुम्हाला ते तपासून बघण्यासाठी पुढची आठ वर्षं मोजायची आहेत का?

तुम्ही कोणत्या राज्यात आहात यावरही पुष्कळ अवलंबून आहे. अमेरिकेचा १९६४ चा नागरी हक्क कायदा हॉटेलं, रेस्टॉरंटं, थिएटरं यांना वंश, रंग, धर्म आणि मूळ देश यावरून भेदभाव करायला मनाई करतो. लैंगिक कल त्यात नाही. त्यामुळे असा नकार देणाऱ्याला काही राज्यांत राज्याचा कायदा अडवतच नाही. न्यू जर्सी त्यातलं नाही. इथला भेदभावविरोधी कायदा मूळचा १९४५ चा आणि लैंगिक कल त्यात १९९२ मध्ये आला. नवऱ्यानं उद्या ‘आपलं कुठं दुकान आहे, गोडाऊन आहे’ असा नवा मुद्दा काढला, तर त्याला सांगा की याच कायद्यात, अशा कारणावरून कोणाशी करार करायला किंवा त्याला माल-सेवा द्यायला नकार देता येत नाही, असं वेगळं कलम आहे. तक्रार नागरी हक्क विभागाकडे १८० दिवसांत करता येते, कोर्टात दोन वर्षांत. पहिल्याच चुकीला दंड दहा हजार डॉलरपर्यंत जाऊ शकतो. भरपाई आणि समोरच्याच्या वकिलाची फी त्यावर.

आपल्या न्यू जर्सीतल्याच ओशन ग्रोव्हचा समुद्रकिनारा तुम्ही पाहिला असेल. तिथल्या बोर्डवॉकवरचा, म्हणजे किनाऱ्यालगतच्या लाकडी वाटेवरचा मंडप मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या एका संस्थेच्या मालकीचा. संस्था धार्मिक, पण मंडप ती लग्नांसाठी सगळ्यांना भाड्यानं द्यायची. २००७ मध्ये दोन स्त्रियांना त्यांच्या समारंभासाठी नाही म्हटलं. जानेवारी २०१२ मध्ये न्यायाधीशांनी संस्थेच्या विरोधात निकाल दिला : जागा जनतेला खुली केलीत, मग निवडक जनतेला ती बंद करता येणार नाही. जिथं प्रत्यक्ष धर्मसंस्था हरली, तिथं आपली छोटी खासगी कंपनी काय टिकणार?

हे धर्मस्वातंत्र्यावर अतिक्रमण आहे का, असं अप्पा विचारतील. विचारू देत, प्रश्न गैर नाही. त्यांना त्यांच्याच धंद्यातलं उदाहरण द्या. हॉलवाले आत होम करू देत नाहीत, तेव्हा आपल्याला राग येतो, पण कोर्टात कोणी जात नाही. कारण नियम हिंदूंच्या होमाविरुद्ध नाही, आत पेटत्या आगीविरुद्ध आहे, आणि तो सगळ्यांना सारखा आहे. १९९० पासून अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाची भूमिका साधारण अशीच आहे : तटस्थ आणि सरसकट लागू असलेल्या कायद्यातून केवळ धर्मामुळे आपोआप सूट मिळत नाही. त्याआधी, १९६८ मध्ये, साऊथ कॅरोलिनातल्या पिगी पार्क या बार्बेक्यूच्या हॉटेलांचा मालक कोर्टात म्हणाला होता की काळ्यांना गोऱ्यांसोबत बसवून जेवू घालणं माझ्या धर्माविरुद्ध आहे. कोर्टानं तो बचाव एका तळटीपेत, पोकळ म्हणून निकालात काढला. अप्पांची तुलना मी त्या माणसाशी करत नाहीये. धर्माची सबब एकदा दुकानाच्या दारात मान्य केली की ती कोण कोण वापरेल यावर आपला ताबा राहत नाही, एवढंच.

आणि अप्पा इथं कधी आले? धंदा उभा करणारी त्यांची पिढी आहे, तेव्हा १९८७ त्यांना आठवत असेल. जर्सी सिटीत ‘डॉटबस्टर्स’ म्हणवणाऱ्या टोळीनं वर्तमानपत्राला पत्र लिहून, भारतीयांना शहरातून हाकलून लावू अशी धमकी दिली होती. कुंकू लावून बाहेर पडायची बायकांना भीती वाटायची. त्याच वर्षी होबोकनमध्ये एका भारतीय तरुणाला इतकं मारलं की तो वाचला नाही. त्या काळात हॉलवाल्यानं, घरमालकानं ‘तुमच्या मूर्तिपूजेचं काही माझ्या जागेत नको, माझ्या धर्मात बसत नाही’ असं म्हटलं असतं, तर अप्पांनी ज्या कायद्याकडे धाव घेतली असती, तो हाच. हे त्यांना तुम्ही सांगू नका. मुलानं सांगावं, आणि चहा पिताना सांगावं, जेवणाच्या ताटावर नको.

अप्पांना त्यांच्या मनाविरुद्ध वागायला लावा असं मी म्हणत नाही. व्यवसाय सगळ्यांसाठी खुला असला पाहिजे. अप्पांनी स्वतः त्या दिवशी मांडवाला हात लावला पाहिजे असं कायदा म्हणत नाही. त्यांनी घरी बसावं, देवळात जावं, मत आहे तेच ठेवावं. गुरुजींचंही तसंच. कोणत्याही धर्माच्या पुरोहिताला लग्न लावायची सक्ती या देशात होत नाही, म्हणून तुमच्या नेहमीच्या गुरुजींना गळ घालू नका. असे विवाह आनंदानं लावणारे पुरोहित आहेत आणि बहुतेक त्या मुलांनी आपला शोधूनही ठेवला असेल. कारागिराला त्या शनिवारी दुसऱ्या कामावर पाठवा. नोकराच्या धार्मिक अडचणीला शक्य तेवढी वाट करून देणं हे मालकाचं कर्तव्यच आहे. २०२३ मध्ये रविवारी टपाल वाटायला नकार देणाऱ्या एका माणसाच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानं ते आणखी घट्ट केलं. फक्त तो नसला तर काम अडेल अशी वेळ येऊ देऊ नका, आणि तो का आला नाही याची चर्चा मांडवात नको.

दोन गोष्टी आजच करा. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर या विषयावर टंकणं थांबवा. कोर्टात हे मेसेज मागवले जातात. जे आहेत ते पुसू मात्र नका, ते आणखी वाईट दिसतं. आणि एवढं सगळं ऐकूनही नवरा नकारावरच ठाम राहिला, तर काही कळवण्याआधी न्यू जर्सीत वकिली करणाऱ्या माणसाला तासाभराची फी देऊन भेटा. मी सल्ला देते, वकिलीची सनद माझ्याकडे नाही.

माझ्या मते त्या मुलांना असं उत्तर जावं : ‘अभिनंदन. तारीख मोकळी आहे. हॉल कुठला, पाहुणे किती, मंडप आत की बाहेर, आणि होम करणार असाल तर फायर परमिट कोण काढणार, तेवढं कळवा.’ तुमच्या बुकिंग फॉर्मवर ‘वधू’ आणि ‘वर’ असे दोन रकाने असतील, तिथं नुसती दोन नावं विचारा. कोटेशनमध्ये इतरांना लावता तोच दर लावा. परवडू नये म्हणून मुद्दाम दुप्पट आकडा टाकायचं कोणाच्या डोक्यात आलं, तर तोही कायद्याच्या नजरेत भेदभावच आहे हे त्याला आधीच सांगून ठेवा.